तीन लाख मैलांचे लटारूभाऊ

पहिल्याच दिवशी मी जीपमध्ये चुकीच्या बाजूनं चढले.

आलापल्लीच्या स्टँडवर मी नर्स म्हणून रुजू होणार होते त्या आरोग्य केंद्राची गाडी घ्यायला येईल, असं मला सांगितलं होतं. उतरले तर सागाच्या झाडाखाली रंग उडालेली एक जुनाट जीप उभी. मी ट्रंक मागं ढकलली आणि पुढं डावीकडून वर चढले. बसल्यावर बघते तर समोर स्टेअरिंग! आता उतरायची लाज वाटू लागली, म्हणून तशीच बसून राहिले. पानठेल्यापासून एक उंच, काटकुळा माणूस सावकाश चालत आला. खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला. माझ्याकडं बघून त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमी चालवता काय?"

"नाही."

"मंग तिकडं सरका. थे माही जागा हाये."

हे लटारूभाऊ रामटेके, आमच्या केंद्राचे ड्रायव्हर. जीप कुठल्याशा परदेशी मदतीतून मलेरियाच्या कामासाठी आली होती, म्हणून तिचं स्टेअरिंग डावीकडं. लटारूभाऊ तेव्हा अठरा वर्षांचे. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारे मजूर. पंप सोडून ते गाडी पुसायला लागले, मग क्लीनर झाले, मग लायसन काढलं. मी रुजू झाले तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती, आणि लायसन काढल्यापासून त्यांनी दुसरी गाडी चालवली नव्हती.

वाटेत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बापाचं गाव?" मूल तालुक्यातलं सांगितलं. मग स्टेअरिंगवरचा एक हात उचलून म्हणाले, "जयभीम." स्टँडवर नमस्कार झालाच होता, पण तो बहुतेक सरकारी होता.

आमचं केंद्र जंगलात होतं. पावसाळ्यात एसटी बंद व्हायची. आसपासच्या चाळीसेक किलोमीटरात दुसरी चाकं म्हणजे बांबूचे ट्रक आणि जंगल खात्याची एक गाडी. पोटुशी बाई अडली, कुणाला नाग डसला, मेंदूत ताप चढला, की लोक खाटेवर घालून रोग्याला केंद्रात आणत आणि तिथून पुढं अहेरीच्या दवाखान्यापर्यंत लटारूभाऊ. दर वर्षी वरून निरोप यायचा की नवीन गाडी मंजूर झाली आहे. लटारूभाऊ ऐकून मान हलवत आणि जीपखाली सरपटत जात.

रोज सकाळी ते बॉनेट उघडत. सीटमागं हातभर लांब बांबूची एक पोकळ कांडी असे. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. कांडी इंचाइंचानं सरकवत ते ऐकत राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मीटरशेजारचा तेलाचा काटा कधीचा मेला होता, पाण्याचा त्याच्याही आधी. "काटे खोटे बोलतेत," ते म्हणत. "आवाज नाई बोलत."

एकदा माझा स्टेथोस्कोप मागून घेतला. "बाई, तुमचा पोंगा द्या पाहू." कानात घालून इंजिनाला लावला आणि दचकून काढून टाकला. "बापा! हे तं लयच बोलते. येवढं आयकू आलं तं मानूस गाडीत बसनच नाई." परत बांबूवर आले. पण दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या एका बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची त्यांनी परवानगी मागितली. ती हसली, हो म्हणाली. बराच वेळ ऐकून मला म्हणतात, "टायमिंग फास्ट हाये ना बाई?" मी म्हटलं, बाळाचं तसंच असतं. तरी संध्याकाळपर्यंत दोनदा विचारून गेले, की नक्की ना?

जीपला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. आमचा कंपाउंडर तिला राणी म्हणायचा, ते त्यांना आवडत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव ठेवलं का लोभ होते, बाई." लोभ नव्हता असं त्यांचं म्हणणं. रजा काढायचे ती चंद्रपूरच्या कबाडी बाजारात जायला. तिथून कुठल्या मेलेल्या गाडीचा गिअर, कुठल्या ट्रकचा बेल्ट पिशवीत घालून आणायचे आणि कानशीनं घासून घासून जीपला बसवायचे. रेडिएटर गळायला लागला की पारबताबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डब्यातली हळद त्यात जायची. टाकी पाझरली की अंगाचा साबण. पारबताबाई मला म्हणायच्या, "माह्या घरी भाजीले हळद नाई आन् अंगाले साबन नाई. सारं थे सवत खाते."

मीटर पाचच आकड्यांचा होता आणि मैलांचा. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुन्हा सगळी शून्यं. मी आले तेव्हा मीटरच्या शेजारी पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके होते. दोन फेऱ्या झाल्या, म्हणून. तिसरी फेरी माझ्यासमोर भरली.

त्या दिवशी आम्ही लसींचा डबा घेऊन एका गावाला निघालो होतो. वाटेत एक माडिया म्हातारी भेटली, तिला मागं बसवलं. मोहाच्या झाडांपाशी लटारूभाऊंनी वेग इतका कमी केला की शेजारून चालणारा बैल पुढं गेला. मग थांबले. आम्हा दोघींना खाली उतरवलं, पुढून बोलावलं आणि मीटरकडं बोट केलं. पुन्हा हळूच पुढं घेतली. आम्ही दोघी दार धरून चालतो आहोत आणि आत एकेक आकडा वर सरकतो आहे. पाचही जागी शून्य आलं तेव्हा त्यांनी गाडी बंद केली, टोपी काढली आणि आम्हाला खिशातले फुटाणे वाटले.

म्हातारीला काही कळेना. ती गोंडीत विचारू लागली. लटारूभाऊंना गोंडी चांगली यायची. त्यांनी समजावून सांगितलं. म्हातारीनं शून्यांकडं निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. लटारूभाऊ हसले नाहीत.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हनते, चाललेलं सारं पुसून गेलं. मंग थे गेलं कुठी?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हनलं, तुयाच गावाले गेलं, आजी."

तीन लाख मैल झाले होते. शाळेतल्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की पृथ्वीला एक फेरी मारायला पंचवीस हजार मैल लागतात. "बारा चक्कर झाले, बाई," परतताना ते म्हणाले. "आन् मी नागपूरच्या पलीकडं काई पाह्यलं नाई."

आता सलाइनची गोष्ट. ती मी अजूनही नर्सिंगच्या मुलींना सांगते.

धानाची कापणी चालली होती. दुपारी एक बाई खाटेवरून आली. घरी बाळंत झालेली, बाळ ठीक, पण वार अडकलेली आणि रक्त थांबत नव्हतं. मी सलाइन लावलं, तिला जीपमध्ये मागं झोपवलं, बाटली हुडाच्या लोखंडी कमानीला टांगली आणि आम्ही निघालो. निम्म्या वाटेवर जीपनं दोन आचके दिले आणि थांबली. लटारूभाऊंनी बॉनेट उघडलं. पेट्रोल वर खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटला होता. तो तिथं मिळणं शक्य नव्हतं.

मी बाईची नाडी धरून बसले होते. ती बारीक होत चालली होती. लटारूभाऊ मागं आले, टांगलेल्या बाटलीकडं वर बघत राहिले.

"बाई, अशी अजून येक हाये काय? नळी बी?"

मी रिकामी बाटली आणि लाल रबरी नळी दिली. त्यांनी टाकीतून डब्यात पेट्रोल काढलं, बाटलीत भरलं, बाटली समोरच्या काचेच्या चौकटीला उलटी बांधली आणि नळीचं टोक बॉनेटच्या फटीतून आत थेट कार्बोरेटरला जोडलं. माझ्याकडची नळीची चिमटीसुद्धा मागून घेतली. पेट्रोल थेंबथेंब उतरायला लागलं. जीप सुरू झाली. दर तीन-चार किलोमीटरला उतरायचं, बाटली भरायची, पुन्हा निघायचं. असं पाच वेळा केलं. मी मागून ओरडून सांगत होते, "बाटली संपत आली," आणि ते पुढून विचारायचे, "कोनाची? बाईची का गाडीची?"

अहेरीला पोचलो तेव्हा दोन्ही बाटल्यांत बोटभर उरलं होतं. बाई वाचली. महिन्याभरानं तिचा नवरा टोपलीभर सीताफळं घेऊन आला आणि निम्मी माझ्यापुढं ठेवून उरलेली जीपच्या बॉनेटवर ठेवून गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात लटारूभाऊंना खोकला लागला. धुळीचा असेल म्हणून त्यांनी अंगावर काढला. गालफडं आत गेली. एका सकाळी पारबताबाई पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. लटारूभाऊंचा रुमाल होता. त्यावर रक्त.

टीबी निघाला. आमच्याकडं तेव्हा डॉक्टरची जागा रिकामी होती. शेजारच्या केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि नव्वद सुया. रोज एक. तेव्हा तेच औषध होतं. लोक वीस-पंचवीस सुया झाल्या, जरा बरं वाटलं, की यायचे बंद होत आणि वर्षभरात मरत. मी ठरवलं, लटारूभाऊंच्या नव्वदच्या नव्वद पुऱ्या करायच्या. त्यांना केंद्रात सर्वांदेखत सुई नको होती, म्हणून मीच रोज सकाळी त्यांच्या क्वार्टरवर जायची. पारबताबाई चुलीवर सिरिंज उकळून ठेवायच्या. सुई झाली की ते शर्ट खोचत आणि बॉनेट उघडायला जात.

पन्नास-पंचावन्न सुया झाल्या असतील. एका सकाळी ते सहज म्हणाले, "बाई, कानात रातकिडे बोलून राह्यले. दिवसाबी."

मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. ही सुई कधीकधी कान घालवते, देताना कानाबद्दल विचारत जा, असं मेट्रन म्हणाल्या होत्या. मला ते त्या क्षणी आठवलंसुद्धा. पण लटारूभाऊंचं वजन वाढत होतं, खोकला थांबला होता, आणि सुया बंद केल्या तर हा माणूस हातचा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. जेवत जा नीट."

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टरांना मी सांगितलं नाही. नंतर एकदा चालताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी भिंत धरली, तेव्हाही मी अशक्तपणाच म्हटलं. नव्वद सुया पुऱ्या झाल्या. थुंकी तपासली, जंतू नव्हते. पारबताबाईंनी माझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे वडे तळले.

मला कळलं ते असं. जीप केंद्रासमोर सुरूच होती. कंपाउंडरनं काहीतरी आणायला म्हणून लटारूभाऊंना खाली उतरवलं होतं. ते परत येऊन बसले आणि त्यांनी चालू गाडीला स्टार्टर मारला. दातावर दात घासावेत तसा कर्र आवाज झाला. ओसरीवर बसलेले सगळे रोगी वळून बघायला लागले. लटारूभाऊ तेवढे वळले नाहीत. त्यांनी पुन्हा स्टार्टर मारला.

मी धावत गेले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. ते थरथरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी कांडी काढली. एका कानाला लावली. कांडी सरकवली. मग दुसऱ्या कानाला लावली. पुन्हा पहिल्या. इंजिन चालू होतं, मला खिडकीत ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी ती कांडी सीटमागं नीट ठेवून दिली आणि बॉनेट लावलं.

दुपारी माझ्याकडं आले. आता ते फार हळू बोलायला लागले होते, आपला आवाज किती निघतो याचा अंदाज राहिला नव्हता त्यांना. "बाई, हाफिसात सांगू नोका."

मी हातवारे करून, ओठ हलवून विचारलं, अपघात झाला तर?

"तुमी बसान ना बाजूले." मग जीपकडं बोट करून, "मी नाई चालवली तं हे कोन चालवन? उभी राहीन इथंच. आन् लोक खाटा घेऊन येतेच."

मी कुणाला सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. पण माझ्या गप्प राहण्यात नुसती रोग्यांची काळजी नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांच्या कानांचं कुणी विचारलं असतं, तर पुढचा प्रश्न मला आला असता.

मग दहा महिने आम्ही तशी गाडी चालवली. मी उजव्या बाजूला बसायची. मागून ट्रकनं हॉर्न दिला की त्यांच्या खांद्यावर एक चापटी. थांबायचं असेल तर दोन. मागच्या रोग्याला त्रास होत असेल तर दंड दाबायचा. ते तळव्यांनी आणि तळपायांनी गाडी ऐकायला शिकले. चपला काढून अनवाणी चालवायचे. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून कुठं काय बिघडलं ते निम्मंअधिक ओळखायचे. एकही अपघात झाला नाही. पण आधी ते रस्ताभर बोलत असत. कुठल्या वळणावर अस्वल दिसलं, कुठल्या गावच्या पाटलानं गाडीला बैल जुंपून दिले. ते सगळं थांबलं. मी काही बोलले तर त्यांना माझ्या तोंडाकडं बघावं लागे आणि रस्त्यावरची नजर काढायची नाही, हा त्यांचा नेम.

मग एके दिवशी एका तरुण पोराला साप चावला होता. दहा वाजता निघालो, वेळेत पोचलो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पोरगा शुद्धीवर आला, तो आमच्यासमोर. लटारूभाऊंनी त्याच्या बापाच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही परत निघालो.

आलापल्ली मागं पडल्यावर एका नाल्यात गाडी दगडावर खालून आपटली. आपटली तेव्हा लटारूभाऊंनाही जाणवलं. त्यांनी थोडं पुढं जाऊन तळव्यानं चाचपून पाहिलं, चाकं ठीक होती, स्टेअरिंग ठीक होतं. निघालो. मला एक खडखड ऐकू यायला लागली. बारीक, एका लयीत. मागं रिकामं स्ट्रेचर होतं, औषधांची पेटी होती. मला वाटलं, पेटी वाजते आहे. मी मागं हात करून पेटी दाबून धरली. आवाज तसाच राहिला. मग जरा वाढला. मी विचार केला की घरी गेल्यावर सांगू.

साताठ किलोमीटर आम्ही तसे गेलो. मग एकच मोठा ठोका झाला आणि चाकं जागच्या जागी घासून थांबली.

लटारूभाऊ उतरले, खाली वाकले. दगडानं इंजिनाच्या तेलाचा खालचा बोल्ट उडवला होता. सगळं तेल वाटेत सांडून गेलं होतं आणि इंजिन कोरडं जळालं होतं. त्यांनी हँडल लावून फिरवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. पुन्हा जोर लावला. मग हँडल काढून त्यांनी ते पुसलं.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आवाज येत होता?"

मी मान हलवली. हो.

"कवापासून?"

मी मागं, नाल्याच्या दिशेला बोट दाखवलं.

ते त्या दिशेला बघत राहिले. साताठ किलोमीटर. कान असते तर त्यांनी शंभर पावलांत गाडी थांबवली असती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी पेटी, पेटी असं काहीतरी म्हणत होते, त्यांना काय कळणार. ते माझ्याजवळ आले.

"रडू नोका. हॉर्न सांगाले शिकवलं तुमाले, गाडीचा आवाज शिकवलाच नाई मी. माही चूक हाये."

संध्याकाळच्या आधी बांबूचा एक ट्रक आला, त्यातून आम्ही केंद्रात गेलो. जीप तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी साखळीनं ओढून आणली.

आता चौकशी झालीच. लटारूभाऊंना तपासणीसाठी चंद्रपूरला पाठवलं. ड्रायव्हरच्या कामाला नालायक, असा शेरा आला. सरकारनं काढून टाकलं नाही, शिपाई केलं. ते स्ट्रेचर उचलायचे, ओसरी झाडायचे, टपाल पोचवायचे. नवीन गाडी आली, तिच्याबरोबर नवीन ड्रायव्हर आला. चांगला मुलगा होता. जीप केंद्रामागं विटांवर चढवून ठेवली. लटारूभाऊ तिकडं झाडायला जायचे नाहीत. मागच्या अंगणात पाला साचत गेला.

मग जीप कंडम झाल्याचं पत्र आलं आणि ती न्यायला ट्रक आला. साखळी बांधली. पण ओढत नेताना स्टेअरिंग धरायला कुणीतरी आत बसायला हवं होतं आणि डावीकडं बसून गाडी सांभाळायची कुणाला सवय नव्हती. नवा ड्रायव्हर चढला आणि गोंधळून उतरला. लटारूभाऊ झाडू घेऊन ओसरीवर उभे होते. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, चपला काढल्या आणि ते आत जाऊन बसले.

मी फाटकापर्यंत मागं गेले. इंजिन मेलेलं, हुड फाटलेलं. वळण आलं तसा त्यांनी हात बाहेर काढून वळायची खूण केली. मागून येणारी गाडी कुठलीच नव्हती. डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर त्यांनी ती सांभाळून नेली, तिथं ट्रकवर चढवून दिली आणि चालत परत आले. पाय भाजले होते. चपला केंद्रातच राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. जे तोंडानं सांगता येत नव्हतं, ते केसपेपरच्या मागं लिहून नेलं होतं. सुयांमुळं तुमचे कान गेले. तुम्ही रातकिड्यांचं बोललात तेव्हा मला शंका आली होती. मी थांबले नाही. खाली सही केली.

त्यांनी कागद उजेडात धरून सावकाश, ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. मग उठले, चुलीजवळ गेले आणि कागद आत घातला. पारबताबाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "काऊन जाळला? सरकारी कागद होता ना?"

लटारूभाऊ माझ्यासमोर येऊन बसले. "चांद्याले तपासलं त्या डॉक्टरनं सांगतलं होतं मले," ते अगदी हळू म्हणाले. "असं लिहून देत नसतेत, बाई. सहीबी केली. कोनी पाह्यलं असतं तं? नोकरी जाईन. तुमच्या बापानं किती कष्टानं शिकवलं असन." मग बायकोकडं वळून, "चाय मांड."

आम्ही चहा प्यायलो. त्यांनी मला माफ केलं, असं त्यांनी म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. निघताना ते फाटकापर्यंत सोडायला आले आणि माझ्या हातात टॉर्च नाही हे बघून परत जाऊन आणून दिला.

पुढच्या वर्षी माझी बदली वडशाकडं झाली. लग्न झालं. पत्र पाठवलं होतं, त्याला पारबताबाईंनी शाळेतल्या गुरुजींकडून दोन ओळींचं उत्तर धाडलं. दोघं खुशाल आहेत, तुम्ही खुशाल असा.

त्यानंतर एकदाच दिसले. मी चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे एसटीनं अहेरीला चालले होते. बस खचाखच भरलेली. एका फाट्याजवळ ड्रायव्हर सारखा हॉर्न द्यायला लागला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या मधून एक उंच माणूस पाठमोरा चालला होता, खांद्यावर धानाची पोतडी. हॉर्न अगदी जवळ आला तरी तो सरकला नाही. मग बाजूनं एक बाई धावत आली आणि तिनं त्याचा शर्ट धरून त्याला कडेला ओढलं. बस त्यांना घासून पुढं गेली. आमचा ड्रायव्हर ओरडला, "बहिरा आहे का रे?"

"लटारूभाऊ!" मी हाक मारली. पारबताबाईंनी वर पाहिलं, मला ओळखलं. त्यांनी नवऱ्याचा दंड हलवला आणि बसकडं बोट केलं. लटारूभाऊ वळले. खिडक्यांवरून त्यांची नजर फिरली, माझ्यावर थांबली. सगळे केस पांढरे झाले होते. त्यांनी पोतडी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले. हसले. आणि काहीतरी बोलायला लागले. दोन पावलं बसमागं येत, माझ्याकडं बघून, नीट, सावकाश काहीतरी सांगत होते.

बसच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही.